जुनं इंजिन कशानं गेलं?

पेठ नाक्यावरून सांगलीच्या रस्त्याला लागलं की आधी इस्लामपूर, मग आष्टा. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा आणि मध्ये जिकडं बघावं तिकडं ऊस. गाळपाचा हंगाम सुरू झाला की साखराळे, कारंदवाडी, वाळवा इथल्या कारखान्यांकडं जाणाऱ्या वाहनांनी रस्ते भरून जातात. त्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, बैलगाड्या असतात आणि म्हातारे ट्रकही असतात. मुंबई-बंगळूरचा पल्ला आता झेपणार नाही म्हणून कुणीतरी विकलेला ट्रक आपल्याकडं येऊन उसाला लागतो. फेरी जवळची आणि वेग बेताचा, पण ओझं पुरेपूर. त्यात फडातून बाहेर पडताना पहिल्या गिअरमध्ये मातीतून ओढ घ्यायची. हमरस्त्यावर एका लयीत धावण्यापेक्षा इंजिनाला हे काम जास्त जड जातं. म्हणून इथं इंजिन जातं ते बहुतेक ऐन हंगामात.

त्या वेळी मालकाची अवस्था बघवत नाही. ऊसतोड टोळीला उचल देऊन झालेली असते, तोडलेला ऊस फडात पडून वाळत असतो आणि वाळणाऱ्या उसाचं वजन रोज घटतं. गाडी ओढून मोठ्या वर्कशॉपला न्यावी, तर तिथला खर्चाचा अंदाज कधी कधी गाडीच्या बाजारभावाला जाऊन भिडतो. मग घरामागच्या मोकळ्या जागेत एक ओळखीचा मिस्त्री, भावकीतली दोन पोरं आणि भाड्याची चेन कप्पी यांच्या भरवशावर इंजिन बदलायचं ठरतं.

असं काम घरी होतं का? होतं, आणि चांगलंही होतं. ते स्वस्तात पडेल की नाही, हे मात्र कप्पीला साखळी लावायच्या आधीच ठरलेलं असतं. आधीचं इंजिन कशानं गेलं हे ज्याला कळलं, त्याचेच पैसे वाचतात. बाकीच्यांचं दुसरं इंजिन पहिल्याच रोगानं जातं.

आमच्या घरी हे झालेलं आहे, म्हणून एवढं ठासून लिहितोय. मोठ्या शाफ्टवरचं एक बेअरिंग जळालं, क्रँक घासला. आम्ही जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणलं. ते खरोखर चांगलं होतं, कॉम्प्रेशन ठणठणीत. चार दिवसांत बसवलं, पेढे वाटले. बाविसाव्या दिवशी ऑइलचा काटा खाली आला आणि परत तोच खडखडाट. उलगडा नंतर झाला. आणलेल्या इंजिनाचा ऑइल कूलर गळका होता, म्हणून आम्ही आमच्या जुन्या इंजिनाचा ‘चांगला’ कूलर त्याला लावला होता. जळालेल्या बेअरिंगचा सगळा चुरा त्या कूलरच्या बारीक नळ्यांत बसला होता. मिस्त्री हात पुसत एवढंच म्हणाले, “मेलेल्याचं रगात जित्याला चढवलंसा की.”

या भागात डिझेल इंजिनाची जाण ट्रकाबरोबर आलेली नाही. ती त्याच्या कितीतरी आधी विहिरीवर आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली याच जिल्ह्यात, तेव्हाच्या औंध संस्थानाच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंड ओतणारे, लेथ चालवणारे मिस्त्री तयार झाले. गावोगाव वीज पोचण्याआधी मोटेची जागा घेतली ती तेलाच्या इंजिनानं. ते इंजिन हँडल मारून चालू करावं लागे. हँडल हलकं फिरलं की रिंगा गेल्या, हे शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यालाही हाताला कळायचं. ज्याला आज मेकॅनिक कॉम्प्रेशन तपासणं म्हणतो, ते आपल्या आज्याचं मनगट करत होतं. ट्रकाचं इंजिन त्याच जातीचं आहे, फक्त सिलिंडर जास्त.

जुन्या टाटा ट्रकांतलं ६९७ हे इंजिन घेऊ. हा आकडा म्हणजेच त्याची जन्मपत्रिका आहे. ६ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ म्हणजे बोअर ९७ मिलिमीटर. पिस्टनची वर-खाली चाल १२८ मिलिमीटर. गणित करून पाहा, सहा सिलिंडरांचं मिळून ५६७५ घन सेंटिमीटर भरतं. लहान ट्रकांतलं ४९७ त्याच घरातलं, चार सिलिंडरचं. ट्रकाच्या नावांतही असाच हिशेब असे. १६१३ म्हणजे लादलेल्या गाडीचं वजन साधारण १६ टन आणि ताकद १३० अश्वशक्तीच्या आसपास. ६९७ चं मूळ जर्मनीत आहे. टाटांच्या टेल्कोनं १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. पंधरा वर्षांचा तो करार १९६९ साली संपला, ट्रकाच्या तोंडावरचा बेंझचा तारा गेला आणि टाटांचा ‘टी’ आला. घराणं मात्र टिकलं. ९७ बाय १२८ हेच माप बेंझच्या त्या काळच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचंही आहे.

या इंजिनात स्पार्क प्लग नाही. हवा साधारण सतराव्या भागापर्यंत दाबली जाते, दाबानं ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि नोझलमधून उडालेलं डिझेल तिच्यात आपोआप पेटतं. मिनिटाला २४०० फेरे धरले तर एक पिस्टन सेकंदाला ऐंशी वेळा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो आणि प्रत्येक टोकाला पूर्ण थांबून उलटा फिरतो. त्याचा सरासरी वेग ताशी ३७ किलोमीटर पडतो. एवढी झोंबाझोंबी चालू असताना क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, आणि तिच्यात ऑइलचा जो पापुद्रा असतो त्यावर सगळा भार तरंगतो. चुऱ्याचा एक कण त्या पापुद्र्यापेक्षा जाड असू शकतो. आमच्या बावीस दिवसांचं रहस्य एवढंच.

दुसरा हिशेब उष्णतेचा. जाळलेल्या डिझेलच्या ताकदीतला जेमतेम एक तृतीयांश भाग चाकाकडं जातो. ढोबळमानानं तेवढाच सायलेन्सरमधून आणि तेवढाच पाणी-ऑइलमधून रेडिएटरकडं. म्हणजे गाडी ओढायला जेवढी ताकद लागते, जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला सतत बाहेर फेकावी लागते. आता उसाच्या फडातून आलेल्या ट्रकाच्या जाळीकडं बघा. पाचटाचा भुगा आणि चिकट धूळ यांनी तिच्या पाकळ्या पार लिंपलेल्या असतात. पुढून पाण्याचा फवारा मारून तो भुगा आणखी आत ठोकण्यात अर्थ नाही. रेडिएटर काढून उलट्या बाजूनं, पंख्याकडून पुढं, धुवावा लागतो.

म्हणून पहिला दिवस फक्त तपासणीला द्यावा. इंजिन अजून गाडीतच असतं. खालच्या ऑइल चेंबरचा नट काढून ऑइल स्वच्छ घमेल्यात सोडायचं, घाईनं ओतून द्यायचं नाही. दुधाच्या चहासारखा रंग आला असेल तर पाणी मिसळलंय. हेड गॅस्केट, फुटलेलं हेड किंवा लायनरच्या बाजूनं गळती. पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय? मग पंप किंवा नोझल गळतंय, ऑइलचा चिकटपणा मेला आणि बेअरिंग उपाशी राहिली. काळं पण चमचमतंय, असं असेल तर ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर राहिलेल्या कणांवरून चुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटले ते लोखंड, म्हणजे रिंग, लायनर किंवा गिअर. पांढरट आणि न चिकटणारे ते ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन. तांबूस असतील तर बेअरिंग. बेअरिंगचा पाठीचा पत्रा पोलादी, त्यावर तांबं-शिशाचा थर आणि सगळ्यात वर मऊ धातूचा अगदी पातळ मुलामा. तांबूस रंग दिसला की वरचा मुलामा कधीच गेला असं समजावं.

त्यानंतर हवेचा रस्ता. एअर फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडं जाणारा पाइप काढून त्यात पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट फिरवायचं. तिथं माती लागली तर खुनी सापडला. फिल्टर नवाकोरा असेल, पण त्यानंतरच्या रबरी पाइपला चीर असेल किंवा क्लॅम्प सैल असेल, तर फडातली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. ती म्हणजे बारीक वाळूच. रिंगा आणि लायनर ती पॉलिश पेपरासारखी खाते. आधी ब्रीदरमधून धूर यायला लागतो, मग गाडी ऑइल प्यायला लागते आणि मालक म्हणतो, इंजिन म्हातारं झालं. नवीन इंजिन त्याच फाटक्या पाइपला जोडलं तर तेही अकाली म्हातारं होणार.

हेड उघडल्यावर आणखी कळतं. सहाही पिस्टन सारखेच ओरखडले असतील तर दोष सगळ्यांना सामाईक गोष्टीत, म्हणजे पाण्यात किंवा ऑइलमध्ये. एकाच पिस्टनचा माथा वितळला किंवा त्याला भोक पडलं असेल तर त्या सिलिंडरच्या नोझलवर संशय घ्यायचा. फवाऱ्याऐवजी ते डिझेलची धार सोडत असणार. अशा वेळी सहाही नोझल आणि पंप सांगली-मिरजेच्या पंप-नोझलवाल्याकडं टेस्टिंगला टाकावेत. हा खर्च टाळणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना पुढच्या वर्षी परत पाहिलं, तेही गॅरेजातच.

सगळं कळल्यावर मग प्रश्न, आणायचं काय? रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पडलं नसेल तर माझं मत नेहमी आपलाच ब्लॉक बांधून घ्यायच्या बाजूनं आहे. सिलिंडर बोअर करून किंवा नवी स्लीव्ह ठोकून नवीन पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंडिंग करून त्या मापाची बेअरिंग. क्रँक एकदा घासला की पाव मिलिमीटरच्या टप्प्यानं खाली उतरतो. पाव, अर्धा, पाऊण, एक. जुने मिस्त्री यालाच दहा, वीस, तीस, चाळीस नंबर म्हणतात, कारण त्यांची मोजणी इंचाच्या हजाराव्या भागात. चाळीस नंबरला पोचलेल्या क्रँकवर पैसे घालू नयेत. या पर्यायाचा एक मोठा फायदा म्हणजे इंजिन नंबर तोच राहतो, कागदाची कटकट नाही. आणि माल लांबचा नाही. पिस्टन आणि बेअरिंग बनवणारे मेनन समूहाचे कारखाने कोल्हापुरातच आहेत.

दुसरा रस्ता जुन्या बाजाराचा. अपघातात गेलेल्या गाडीचं इंजिन मिळालं तर सोनं, कारण ते चालता चालता थांबलेलं असतं. पण विकणारा प्रत्येक इंजिन अपघाताच्या गाडीचंच आहे असं सांगतो. तेव्हा ऐकायचं त्याचं आणि बघायचं आपण. चालू करून दाखवत असेल तर आधी हात लावून बघा, ते आधीच गरम तर नाही? थंड असताना चालू व्हायला अवघड असलेलं इंजिन गिऱ्हाईक यायच्या आधी गरम करून ठेवायची युक्ती जुनी आहे. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उचलून बघा, वाफाऱ्यासारखा धूर फेकत असेल तर रिंगा संपल्या. निळा धूर ऑइलचा, काळा जादा डिझेलचा किंवा कमी हवेचा. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ आला तर चालेल, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर पाणी जळतंय. चालू करता येत नसेल तर पहारीनं फ्लायव्हील पूर्ण दोन फेरे फिरवून बघा आणि चेंबर खोलायला लावा. चेंबर खोलू न देणाऱ्याकडून इंजिन घेऊ नका. त्याच्याकडं आणखी एक वस्तू मागायची, बिल. इंजिन नंबर लिहिलेलं, विकणाऱ्याच्या नावाचं. बिल नको म्हणालात तर १८ टक्के जीएसटी वाचेल असं तो सुचवेल. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलिसांपुढं ते अठरा टक्के फार महाग पडतात.

तिसरा पर्याय कंपनीच्या नूतनीकरण केलेल्या इंजिनाचा. टाटांच्या ‘प्रोलाइफ’ योजनेत जुनं देऊन दुरुस्त केलेलं घेता येतं. दोन्हीपेक्षा महाग, पण वॉरंटी मिळते आणि वेळ वाचतो. हंगामाच्या मध्यावर टोळी बसून असेल तर हाही हिशेब करून बघावा. घरच्या कामाला पैसे कमी लागतात, पण दिवस जास्त जातात, आणि हंगामातला दिवस फुकट नसतो. खरं तर हे काम मे महिन्याचं आहे. कारखाने बंद, गाडी रिकामी आणि पाऊस अजून लांब.

पावसाचा विषय निघाला म्हणून जागेबद्दल. आष्ट्याची काळी माती उसाला कितीही चांगली असली तरी जॅकला वैरी आहे. वाळली की भेगा, भिजली की लोणी. ६९७ सारखं इंजिन चारशे किलोच्या वर भरतं. तेवढं वजन तीन पाइपांच्या घोडीवर टांगलं आणि एक पाय मातीत चार बोटं गेला, तर घोडी कुणाला विचारून पडत नाही. काँक्रीटची जमीन नसेल तर प्रत्येक पायाखाली जाड लोखंडी पाट द्यावा आणि तिन्ही पाय साखळीनं एकमेकांना बांधावेत, म्हणजे ते फाकत नाहीत. कप्पी दोन टनांची घ्यावी, जास्तीची ताकद वाया जात नाही. विहिरीवर यारी चालवणारा माणूस ओळखीचा असेल तर त्याला बोलवाच. टांगलेल्या वजनाखाली उभं राहायचं नसतं ही गोष्ट त्याच्या अंगवळणी पडलेली असते, आपल्या पोरांच्या नसते.

उतरवण्याचं काम वाटतं तेवढं अवघड नाही. चाकांना ठोकळे, बॅटरीची वायर आधी सोडायची, पाणी-ऑइल काढायचं, बॉनेट किंवा पुढची जाळी, रेडिएटर, मग पाइप, वायरी, ॲक्सिलरेटरची तार, एअर कॉम्प्रेसरची नळी. मागं प्रॉपेलर शाफ्ट सोडून गिअरबॉक्स जॅकवर घेऊन मागं सरकवायचा. आता मोबाइल आहे, तेव्हा प्रत्येक नळी सोडण्याआधी फोटो काढा. नट-बोल्ट एका घमेल्यात टाकायची आपली जी रीत आहे ती मात्र बंद करा. जिथला बोल्ट तिथंच हातानं दोन आटे फिरवून ठेवावा, नाहीतर डब्यावर खडूनं नाव लिहावं. जोडताना जे तास जातात ते बहुतेक बोल्ट शोधण्यात जातात.

इंजिन बाहेर आलं की मोह होतो, लगेच दुसरं आत घालायचा. इथं दोन दिवस थांबायचं. ऑइल कूलर एकतर नवा, नाहीतर कूलर साफ करणाऱ्याकडून खात्रीनं धुतलेला. शंका असेल तर नवाच. टर्बो असेल तर त्याला ऑइल देणारी नळी बदलायची. इंटरकूलर असेल तर त्यातलं ऑइल आणि कचरा धुऊन काढायचा. डिझेलची टाकी खाली उतरवून तळाचा गाळ बघायचा, वर्षानुवर्षांचा गंज आणि पाणी तिथं असतं. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, इंजिनाचे रबरी माउंट, होज पाइप, थर्मोस्टॅट. या वस्तू एरवी स्वस्त आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला पुन्हा हेच सगळं खोलावं लागतं. बजेट कमी असेल तर रंगरंगोटी सोडा, सील सोडू नका.

एकच अवजार विकत घ्यायचं झालं तर टॉर्क पाना घ्या. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंना, तीन फेऱ्यांत, सांगितलेल्या जोरानं आवळायचे असतात. “माझ्या हाताला अंदाज आहे” म्हणणारे मिस्त्री असतात, आणि त्यातले काही खरेही असतात. पण एखाद्याच्या हाताचा अंदाज संध्याकाळी सहाला दमल्यावर बदलतो, पान्याचा बदलत नाही. गिअरबॉक्स जोडताना त्याचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांत सरळ, हातानं ढकलून बसला पाहिजे. बसत नाही म्हणून बोल्ट आवळून ओढून घेतला, तर प्लेट वाकते आणि पहिल्याच चढाला क्लच घसरतो.

पहिल्यांदा चालू करायची वेळ म्हणजे नारळ फोडायची वेळ. नारळ जरूर फोडा, पण आधी डिझेल बंद ठेवून सेल्फनं इंजिन थोडं थोडं फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. कोरड्या बेअरिंगवर पहिला स्फोट होऊ द्यायचा नाही. मग हातपंपानं फिल्टर आणि पंपातली हवा काढायची, फेस थांबून सलग डिझेल येईपर्यंत. आणि एक माणूस हवेच्या तोंडापाशी जाड सपाट फळी घेऊन उभा करा. पंपाची जोडणी चुकली किंवा टर्बोतून ऑइल आत शिरलं, तर डिझेल इंजिन बेफाम सुटू शकतं. स्वतःचं ऑइल जाळून ते वेग वाढवत जातं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. त्याची हवा कोंडणं हाच उपाय. तळहात लावायचा नाही, फळीच लावायची.

चालू झाल्यावर तासन्‌तास रिकामं घुमवत ठेवायची जुनी सवय चुकीची आहे. नव्या रिंगांना लायनरवर बसायला मध्यम भार लागतो, नाहीतर लायनर गुळगुळीत होऊन ऑइल पिणं कायमचं राहतं. अर्ध्या वजनानं, चढ-उताराच्या रस्त्यानं दोन-तीनशे किलोमीटर गाडी फिरवा. तोंडापर्यंत ऊस भरून पहिलीच फेरी करू नका.

हे सगळं लिहिलं ते यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकांचं इंजिन संगणकाशी बोलतं. डिझेल किती आणि कधी उडवायचं ते संगणक ठरवतो, धुरावर युरियाच्या द्रावणाची प्रक्रिया होते. स्कॅनर आणि जोडणीचे कोड हातात नसतील तर घरच्या परड्यात त्याला हात लावू नये.

आता कागद. देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावात त्यांनी भंगारातून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण त्याच दमात सांगितलं की ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. जीपच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये दिली. प्रत्येकाला बोलेरो मिळत नाही. आरसी बुकावर चॅसिस नंबराशेजारी इंजिन नंबर असतो. दुसरं इंजिन घातलं की तो बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली हा बदल आरटीओच्या मान्यतेनं व्हायला हवा, आणि मान्यतेशिवाय झाला असेल तर १४ दिवसांच्या आत कळवून नोंद करून घ्यावी लागते. एमएच-१० च्या गाडीला त्यासाठी सांगली गाठावी लागेल. अर्ज, बिल, आरसी घेऊन जा, आणि विमा कंपनीलाही नवा नंबर लेखी कळवा. आठ वर्षांवरच्या ट्रकाला दरवर्षी फिटनेसला जावंच लागतं, तिथं नंबर जुळला नाही तर गाडी उभी राहते. आणि मधल्या काळात अपघात झाला तर विमावाला पहिला बघतो तो इंजिन नंबरच.

पाचशे किलोमीटर झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेटचं अंतर फिलर गेजनं पुन्हा तपासा. काढलेला फिल्टर फेकू नका. हॅकसॉनं उभा कापा, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात पांढऱ्या फडक्यावर पसरा आणि चुंबक फिरवा. पहिल्या ऑइलला थोडी काळी, पिठासारखी बारीक पूड चुंबकाला लागेल, ती चालते. तांबूस चमक किंवा नखाला टोचणारा कण दिसला तर त्याच दिवशी चेंबर खोला, अजून इंजिन वाचेल. काही दिसलं नाही तर टोळीच्या मुकादमाला फोन करा आणि गाडी फडात लावा.